गव्हाण आधीं

घरोघरीं बैल होते त्या काळीं गोठा पुरा बांधून झाल्यावर, "आतां गव्हाण कोठें घालावयाची?" असा प्रश्न कोणास पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. जनावर जेथें उभें राहावयाचें तेथेंच तें खावयाचें, ही गोष्ट इतकी उघड होती कीं, गोठ्याची आंखणी होत असतांनाच गव्हाणीची जागा ठरून जाई. पुढें बैल गेले, मोटारी आल्या. मोटारीचें खाणें रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर होऊं लागलें आणि तिच्या निवाऱ्याचा व तिच्या खाण्याचा संबंध सुटला. वाहनतळ म्हणजे चार खांब, वर छप्पर आणि खालीं पांढऱ्या रेघा, एवढीच आमची कल्पना होऊन बसली. आतां विजेवर चालणारीं वाहनें आलीं आहेत आणि तो जुना संबंध पुन्हां जुळूं पाहत आहे. कारण हें वाहन पुन्हां उभें राहील तेथेंच खातें. नव्या इमारतींच्या वाहनतळांत विजेची सोय आधींच करून ठेवावी, असे नियम सरकार करूं लागलें आहे तें याचसाठीं. त्या नियमांत शहाणपण किती आणि उणीव किती, याचा विचार आम्हांस गेल्या कांहीं महिन्यांत अगदीं घरगुती कारणानें करावा लागला. घर बांधूं किंवा घेऊं पाहणाऱ्या वाचकांस त्याचा उपयोग होईल असें वाटल्यावरून तो येथें मांडीत आहों.

आमचें मूळ घर पामचें. पालघर तालुक्यांत, बोईसरच्या पश्चिमेस, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारीं हें गांव आहे. समुद्र जवळ म्हणून वारा खारा. कारखाने जवळ म्हणून त्या वाऱ्यांत कधीं कधीं दुसराही दर्प मिसळलेला. चौघा भावांच्या समाईक वाडींतलें जुनें कौलारू घर मोडकळीस आलें, तेव्हां तें पाडून तेथें सोळा बिऱ्हाडांची इमारत उठवावी व त्यांतील चार बिऱ्हाडें आम्हां भावंडांकडे राहावीं, असा करार एका बांधकाम व्यावसायिकाशीं करण्याचें ठरलें. नकाशा टेबलावर पसरला गेला. खांबांच्या मधल्या मोकळ्या तळमजल्यावर सोळा मोटारींच्या चौकटी आंखल्या होत्या आणि कडेला दुचाक्यांची रांग. आमच्या धाकट्या पुतण्यानें तेवढें पाहून एकच प्रश्न विचारला, "यांत गाडीला वीज कोठून येणार?" समोरून उत्तर आलें, "तें पुढें पाहूं. आज अशा गाड्या आहेत किती जणांकडे?" उत्तर व्यवहारी होतें, आणि त्यांतच सगळ्या वादाचें मूळ होतें.

तारापूरच्या परिसरांत विजेविषयीं असा प्रश्न पडावा यांत थोडा विनोद आहे. देशांतील पहिलें अणुविद्युत्केंद्र येथेंच उभें राहून १९६९ सालीं वीज देऊं लागलें. पुढें २००५ व २००६ सालीं प्रत्येकीं ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच त्यांत चालू झाले. येथील वीज उंच मनोऱ्यांवरून दूरदूरच्या शहरांस गेली. आणि त्याच पंचक्रोशींत आम्हीं पावसाळ्यांतील कित्येक रात्रींचीं जेवणें मेणबत्तीच्या उजेडांत उरकलीं आहेत! वीज जवळ निर्माण होणें ही एक गोष्ट आणि ती आपल्या घरांत, हव्या त्या वेळीं, हवी तितकी पोहोंचणें ही दुसरी. मध्यें ट्रान्स्फॉर्मर असतो, केबल असते, मीटर असतो. आणि या साऱ्यांसाठीं कोणीतरी आधीं जागा राखून ठेवलेली असावी लागते. वाहनतळाचा प्रश्न हा नेमका या मधल्या वाटेचा प्रश्न आहे.

वाहन विजेवर चालावें ही कांहीं नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली आणि १९२५ सालीं बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी सुरू झाली. परंतु हीं वाहनें डोक्यावरच्या तारेला बांधलेलीं होतीं. तार संपली कीं त्यांची वाट संपली. आजची विजेची मोटार आपली शिदोरी पोटाशीं घेऊन निघते. ही शिदोरी किती लागते आणि ती भरावयास किती वेळ लागतो, हा हिशेब एकदां नीट समजला म्हणजे वाहनतळाच्या नियमांतील अर्धें गूढ उकलतें.

लहान विजेच्या मोटारीच्या बॅटरींत साधारणपणें पंचवीस-तीस युनिट वीज मावते, आणि एका युनिटांत ती सहा-सात किलोमीटर जाते. पामहून पालघरला जाऊन येण्याचें अंतर तीस-चाळीस किलोमीटरांच्या आंतबाहेर. म्हणजे रोजच्या कामाला पांच-सहा युनिट पुरे. घरांतील गिझरला लागतो तसला पंधरा अँपियरचा सॉकेट तासाला सुमारें तीन युनिट देतो. तेव्हां दिवसाची भूक दोन तासांत भागते. महामार्गावर दिसतात तीं पन्नास-साठ किलोवॅटचीं दांडगीं यंत्रें लांबच्या प्रवासाच्या मध्येंच थांबणाऱ्यांसाठीं आहेत. घराच्या वाहनतळांत त्यांची गरज नाहीं. खाजगी मोटार दिवसांतील वीस-बावीस तास निश्चल उभी असते. तिला सावकाश जेवावयास भरपूर सवड आहे. प्रश्न आहे तो ताट तिच्यापुढें मांडलेलें असण्याचा.

आमच्या सोळा चौकटींचा हिशेब आम्हीं याच रीतीनें मांडून पाहिला. सोळाही गाड्या विजेच्या झाल्या आणि सोळाही जणांनीं एकाच वेळीं ३.३ किलोवॅटचे पॉइंट चालू केले, तर सुमारें त्रेपन्न किलोवॅटचा भार पडेल. हा आंकडा ऐकून कोणीही घाबरेल. परंतु प्रत्येक गाडीस रोजचीं सहा युनिटें धरलीं तर सोळा गाड्यांचीं शहाण्णव युनिटें होतात. तीं रात्रीच्या आठ तासांत वांटून दिलीं तर भार सरासरी बारा किलोवॅटचाच. मागें चाळींतल्या एका नळावर सोळा बिऱ्हाडें पाणी भरीत, तीं पाळीनेंच. येथेंही पाळी लावावयाची आहे, आणि ती आपोआप लावणारीं उपकरणें आतां मिळतात.

आतां नियमांकडे येऊं. एप्रिल २०१८ मध्यें केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें खुलासा केला कीं, वाहनाची बॅटरी भरून देणें ही वीजविक्री नसून सेवा आहे. तिच्यासाठीं निराळ्या परवान्याची जरूर नाहीं. फेब्रुवारी २०१९ मध्यें केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी कार्य मंत्रालयानें इमारतींच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती केली. वाहनतळांत जितकीं वाहनें मावतात त्यांच्या २० टक्क्यांसाठीं चार्जिंगची सोय असावी, आणि सारे पॉइंट एकदम चालले तर जितकी वीज लागेल तिच्या सव्वापट भार आधींच धरावा, असें तींत सांगितलें. पण आदर्श उपविधि म्हणजे कित्ता. तो गिरविणें राज्यांच्या हातीं. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत्-वाहन धोरणानें नव्या निवासी इमारतींत २० टक्के आणि संस्थांच्या व व्यापारी इमारतींत २५ टक्के जागा सज्ज ठेवण्यास सांगितलें. २०२५ च्या धोरणानें पाऊल बरेंच पुढें टाकलें : नव्या निवासी इमारतींतील प्रत्येक जागा सज्ज असावी व निदान एक सामाईक पॉइंट प्रत्यक्ष चालू असावा, नव्या व्यापारी इमारतींत निम्म्या जागा सज्ज असाव्या. दरम्यान जानेवारी २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीं घरच्या चालू वीजजोडणीवरूनही गाडी भरण्याची मोकळीक स्पष्ट करून टाकली होती.

या साऱ्यांत "सज्ज" हा शब्द महत्त्वाचा आहे आणि त्याचा अर्थ पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. सज्ज जागा म्हणजे प्रत्येक चौकटीपाशीं यंत्र बसविलेलें असणें नव्हे. मीटरच्या खोलीपासून त्या चौकटीपर्यंत केबल ओढण्यासाठीं रिकामी नळी घातलेली असणें, मीटरच्या खोलींत पुढच्या मीटरांसाठीं भिंत मोकळी ठेवलेली असणें, आणि वीज मागतांना पुढच्या भाराचा विचार केलेला असणें, एवढाच त्याचा अर्थ. स्लॅब ओतण्यापूर्वीं ही नळी घालणें म्हणजे गवंड्याच्या व वायरमनच्या दोन-चार दिवसांच्या मजुरीचें काम. तीच गोष्ट इमारत उभी राहून माणसें राहावयास आल्यावर करावयाची म्हटली, कीं फरशी फोडा, तुळईंत भोंक पाडतां येईल कीं नाहीं तें विचारा, भिंतीवरून उघडे पाइप न्या, आणि सर्वांत कठीण म्हणजे पंधरा शेजाऱ्यांच्या सह्या मिळवा! तहान लागल्यावर विहीर खणूं नये असें म्हणतात. येथें तर दुसऱ्यांच्या अंगणांत खणावी लागते.

हा अनुभव आमच्या घरांत ताजा आहे. वर सांगितलेला पुतण्या बोईसरांतील एका सोसायटींत राहतो. त्यानें विजेची मोटार घेतली आणि आपल्या खर्चानें, आपल्या मीटरवरून, आपल्या चौकटीपर्यंत केबल आणण्याची परवानगी मागितली. कमिटीच्या तीन सभा झाल्या. एकाला आगीची भीति, दुसऱ्याला भिंत विद्रूप होण्याची, तिसऱ्याला "आज याला दिली तर उद्यां सगळे मागतील" याची. दुष्टबुद्धि कोणाचीच नव्हती. पण इमारतींत नळीच नव्हती, म्हणून त्याची साधी गरज ही त्याची आगळीक ठरली. सहा महिने तो कारखान्याच्या आवारांत गाडी भरून आणीत असे. शेजाऱ्यांतलें जाणें-येणें मात्र जें थंडावलें तें अद्याप पूर्ववत् झालेलें नाहीं. आमच्या मतें नियमाचें खरें मोल येथें आहे. तांबें आणि प्लास्टिक यांची बचत ही गौण. पुढच्या पिढीचें भांडण आधींच मिटवून ठेवणें ही मुख्य.

तरी आमच्या घरांतही मतभेद झालेच. थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते म्हणाले, "आमच्या हयातींत अशी गाडी आमच्या दारीं उभी राहणार नाहीं. मग तिच्या नळीचा भुर्दंड आम्हीं कां सोसावा?" प्रश्न रास्त होता. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसानें प्रत्येक खर्चाला "कां" विचारावें हेंच योग्य. त्याचें उत्तर आमच्या मधल्या वहिनींनीं दिलें. त्यांच्याकडे वाहन नाहीं आणि मुलगी दूर असल्यामुळें पुढेंही असण्याचा संभव नाहीं. त्या म्हणाल्या, "जिना कोण किती वेळां चढतो हें मोजून जिन्याचा खर्च कोणी वांटीत नाहीं, दादा. नळी जिन्यासारखीच धरा, ती घराची. पण माझ्या बिलावर दुसऱ्याची गाडी पोसली जातां कामा नये. ज्याची गाडी त्याचा मीटर."

पुष्कळ कागदपत्रें चाळूनही आम्हांस याहून स्वच्छ तत्त्व सांपडलें नाहीं. जें भिंतींत व जमिनींत गाडलें जातें, तें सर्वांचें. जें भिंतीवर टांगलें जातें आणि जें बिलावर येतें, तें ज्याचें त्याचें. नळी, मीटरच्या खोलीची जागा आणि मंजूर भार यांचा खर्च सोळाही बिऱ्हाडांवर. यंत्र, केबल आणि वीज यांचा खर्च वापरणाऱ्यावर. आणि फाटकाजवळचा एक पॉइंट सामाईक, त्याचा निराळा मीटर, त्यावर जो भरील त्यानें युनिटाप्रमाणें पैसे द्यावे. दादांनीं यावर मान हलविली आणि करारांत तशीं कलमें घातलीं गेलीं. तीं फुकट मिळालीं नाहींत. मीटरची खोली मोठी करावी लागली, आणि त्या बदल्यांत तळमजल्यावर आमच्या वांट्याला येणारी सामान ठेवण्याची खोली आम्हांस सोडावी लागली. जुन्या घरांतील पितळी भांडीं आणि आजोबांचे पेटारे आतां कोठें ठेवावयाचे, हा प्रश्न घरांत अजून चालू आहे.

आमच्याकडच्या हवेमुळें कांहीं गोष्टी करारांत स्पष्ट लिहून घ्याव्या लागल्या. त्या किनाऱ्याकडील इतर वाचकांसही उपयोगी पडतील. येथें पाऊस दांडगा. मोकळ्या तळमजल्यांत घोट्याइतकें पाणी येणें नवें नाहीं. म्हणून पॉइंट छातीच्या उंचीवर असावे आणि मीटरची खोली जोत्यापेक्षां चांगली वर. खाऱ्या हवेनें लोखंडी पेट्या दोन वर्षांत गंजतात. त्या न गंजणाऱ्या पदार्थाच्या, झांकणें घट्ट बसणाऱ्या असाव्या. प्रत्येक पॉइंटाला स्वतंत्र अर्थिंग आणि वीज गळूं लागतांच ती क्षणांत तोडणारें आपोआप चालणारें बटन असलेंच पाहिजे. तिसऱ्या मजल्याच्या खिडकींतून लोंबणाऱ्या साध्या वायरीवर गाडी भरण्याचे प्रकार अनेक ठिकाणीं चालतात. आगीची भीति बाळगणाऱ्यांनीं खरें भ्यावयाचें तें या लोंबत्या वायरीला. जेथें वैध सोय नाकारली जाते तेथेंच ती लोंबूं लागते, हेंही त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

येथवर नियमाची बाजू झाली. आतां त्याच्या उणिवा. पहिली ही कीं, ज्याला चौकट आहे त्यालाच हा नियम कांहीं देतो. औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारा कामगार सालवड, पास्थळ, कुंभवली अशा गांवांतून एका खोलींत भाड्यानें राहतो. त्याला वाहनतळ कोठचा? त्याची दुचाकी बोळांत उभी असते. वास्तविक विजेच्या दुचाकीची भूक दोन-चार युनिटांची. साध्या घरगुती सॉकेटावर ती रातोरात भागते. चार-आठ तास वाहन जेथें हटकून उभें असतें, अशीं त्याचीं ठिकाणें दोन : कारखान्याचें आवार आणि रेल्वे स्थानकाबाहेरील वाहनतळ. सकाळीं बोईसरला दुचाकी लावून लोकलनें विरार-मुंबईकडे जाणारा नोकरदार रात्रींच परततो. त्याच्यासाठीं महागडीं यंत्रें नकोत. पैसे मोजून घेणाऱ्या साध्या सॉकेटांची एक रांग पुरे. नवे वाहनतळ होतील तेव्हां मोटारींच्या टक्केवारीबरोबरच या रांगेचाही विचार झाला, तर नियमाचा लाभ खालपर्यंत पोहोंचेल. विजेची रिक्षा चालविणाऱ्याचेंही तसेंच आहे. त्याचें पोटच त्या बॅटरीवर आहे.

दुसरी उणीव आमच्या स्वभावाची. पावसाचें पाणी जिरविण्याची सोय इमारतींत असावी हा नियम होऊन बरींच वर्षें झालीं. कित्येक इमारतींत ती सोय भोगवटा दाखला मिळेपर्यंतच नांदते. पुढें त्या खड्ड्यांत पडक्या विटा सांपडतात. नळीचेंही असेंच होऊं शकतें. नकाशावर ती सोळा चौकटींपर्यंत जाईल आणि प्रत्यक्षांत पहिल्या वळणावर सिमेंटनें बुजलेली निघेल. इंग्लंडांत जून २०२२ पासून वाहनासाठीं जागा असलेल्या नव्या घराला नुसती नळी नव्हे, तर सामान्यतः चालता पॉइंटच द्यावा लागतो. नॉर्वेंत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकीं जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. त्या देशांशीं आमची बरोबरी करण्याचें कारण नाहीं. पण तपासणीच्या वेळीं नळींत एक दोरी घालून ती दुसऱ्या टोकानें बाहेर येते कीं नाहीं एवढें पाहण्यास परदेशीं जावें लागत नाहीं. आम्हीं करारांत ही दोरीची कसोटी लिहून घेतली आहे. ती वाचून बांधकाम व्यावसायिक हंसले. पण सही त्यांनीं केली.

म्हणून नवें घर घेणाऱ्या वाचकांस आमची एवढीच विनंति कीं, फरशीचा रंग आणि ओट्याचा दगड निवडतांना पांच मिनिटें तळमजल्यावरही उभें राहावें. आपल्या चौकटीपर्यंत नळी आली आहे काय, मीटरच्या खोलींत आणखी मीटर मावतील काय, मंजूर भारांत पुढची तरतूद आहे काय, सामाईक पॉइंटाचें बिल कोण भरणार, हे चार प्रश्न विचारावे आणि उत्तरें तोंडीं न घेतां कागदावर घ्यावीं. जे जुन्या सोसायट्यांच्या कमिटींवर आहेत, त्यांनीं पहिली मागणी येण्याची वाट न पाहतां एक ठराव आधींच करून ठेवावा. म्हणजे मागणारा शेजारी अपराधी ठरणार नाहीं. स्वतःकडे विजेचें वाहन असो वा नसो, हें करण्यास हरकत नसावी. आमच्या दादांनीं परवां पायाच्या खोदाईच्या वेळीं काठी टेकीत टेकीत जाऊन नळीचें पहिलें वळण स्वतः पाहिलें, आणि तें फार आंखूड आहे, केबल अडकेल, असें सांगून वायरमनकडून बदलून घेतलें. गाडी मात्र घेणार नाहीं म्हणतात.